घाटात काटा चढतो आणि हीटर गार हवा फेकतो, तेव्हा

दादा, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. गाडी २०१३ची डिझेल हॅचबॅक, मालवणात असते. गावात आणि कसालपासून कणकवलीपर्यंत हायवेला इंजिनाच्या तापमानाचा काटा मधोमध राहतो. आईला तपासणीसाठी महिन्यातून एकदा कोल्हापूरला नेता, तेव्हा फोंडाघाट गाव सोडून निम्मा घाट चढलात की काटा लालाकडे सरकायला लागतो. पहिल्या मेस्त्रीने थर्मोस्टॅट (इंजिन तापलं की पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप) काढून टाकला, दुसरा म्हणतो रेडिएटर बदला, तिसरा म्हणतो हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, इंजिन उघडावं लागेल. रेडिएटरला जोडलेल्या बाटलीत पाणी दिसतं, तरी महिन्याकाठी अर्धा लिटर कुठेतरी जातं आणि ते तुम्ही विहिरीच्या पाण्याने भरून काढता. शेवटी जाता जाता एक ओळ लिहिलीत, की कोणीतरी सांगितलं म्हणून घाटात हीटर लावून बघितला, तर गार हवा आली. आता तिघांतलं कोणाचं ऐकायचं, असं विचारताय.

मला विचाराल तर तुमच्या अख्ख्या लिहिण्यात सगळ्यात कामाची ओळ ती हीटरची आहे, आणि तिघांपैकी एकाही मेस्त्रीने ती विचारलेली दिसत नाही.

कणकवलीजवळ हायवेला माझं गॅरेज आहे, सव्वीस वर्षं झाली. घाट चढून आलेल्या आणि घाट न चढताच परत फिरलेल्या, दोन्ही प्रकारच्या गाड्या माझ्याकडे येतात. तुमची गाडी समोर नाही, त्यामुळे छातीठोक काही सांगणार नाही. मॉडेल कुठलं, आतली पाइपिंग कशी आहे, आधी कोणी काय जोडतोड केली आहे, यावर बरंच अवलंबून असतं. पण तिघांनी तीन पार्ट सांगितले. मी आधी दोनच गोष्टी बघितल्या असत्या : गाडीत पाणी पुरेसं आहे का, आणि असेल तर ते फिरतंय का. पार्टचं नंतर.

कोकणात हीटर लावतो कोण? जानेवारीतसुद्धा आपल्याकडे पंखा चालू असतो. त्यामुळे गाडीत हीटर आहे हेच लोक विसरतात. पण हीटर म्हणजे डॅशबोर्डच्या आत बसवलेला एक छोटा रेडिएटर. इंजिनातलं तेच तापलेलं पाणी दोन होस पाइपांतून त्यात जातं आणि परत येतं, मागून पंखा त्यावर हवा मारतो. म्हणून काटा वर असताना हीटर लावला आणि चटका बसेल अशी हवा आली, तर पाणी आहे, ते फिरतंय, फक्त त्यातली उष्णता बाहेर पडत नाही. मग रेडिएटर, त्याचा पंखा, पुढची एसीची जाळी इकडे बघायचं. काटा वर आणि हवा गार, तर पाणी हीटरपर्यंत पोचतच नाही. म्हणजे पाणी कमी आहे, नाहीतर लाइनीत हवा धरली आहे, नाहीतर वॉटर पंप पाणी ढकलत नाही. नुसता रेडिएटर चोंदला असेल तर हीटर गार येण्याचं काही कारण नाही. त्यामुळे दुसऱ्या मेस्त्रीचं सध्या तरी बाजूला ठेवू.

हीटर गार येण्याची साधी कारणंही असतात, ती आधी काढून टाका. नॉबची केबल निसटली असेल तर आतली झडप सरकतच नाही. काही जुन्या गाड्यांत हीटरच्या पाइपाला व्हॉल्व्ह असतो, वर्षानुवर्षं न फिरवल्यामुळे तो जाम होतो. आणि आपल्याकडे सर्रास होणारी गोष्ट म्हणजे हीटरची जाळी गळायला लागली की ‘तुम्हाला हीटर लागतो कशाला’ म्हणत दोन पाइप एकमेकांना जोडून टाकतात. गाडी सेकंडहँड असेल तर हे नक्की बघा. ‘थर्मोस्टॅट काढल्यावर हीटर गारच येणार’ असंही कोणी म्हणेल. सपाटीला ते खरं आहे, तिथे हवा कोमट येते. पण काटा लालाजवळ असताना हवा गार, हे त्या हिशोबात बसत नाही.

सपाट रस्त्यावर एखाददुसरा लिटर पाणी कमी असलं तरी गाडी निभावून नेते. घाटात मात्र दुसऱ्या गिअरवर, एसी लावून, चार माणसं आणि सामान घेऊन चढताना इंजिन जोर लावतं आणि पुढून हवा मात्र कमी मिळते. कमतरता तिथेच उघडी पडते. तुमच्या गाडीचं हेच होतंय असा माझा अंदाज आहे.

आता तुमचं ‘बाटलीत पाणी दिसतं’. यावर जरा थांबतो, कारण मी स्वतः इथेच फसलो आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी देवगडकडच्या एका मासेवाल्याचा पिकअप आला. गडी म्हणाला, “मेस्त्रीनू, गाडी पाणी पिता, पण ता जाता खंय ता कळणा नाय.” गळती कुठेच दिसेना. रेडिएटर जुना होता, जाळी खाल्लेली होती, मी त्याला नवा टाकायला लावला. आठवड्याने तो परत दारात, गाडी परत तापलेली. गाडी पूर्ण थंड झाल्यावर रेडिएटरचं टोपण काढून आत बोट घातलं, तर बोट ओलं होईना. बाटली मात्र काठोकाठ! नव्या रेडिएटरवर मी जुनंच टोपण घुमवलं होतं. त्याचं रबर चिंचोक्यासारखं कडक झालेलं आणि मधली पैशाएवढी चकती गंजून जागेवर चिकटलेली.

त्या टोपणाची दोन कामं असतात. एक, आत दाब धरून ठेवणं, कुकरसारखं. टोपणावर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो बार या मापातला दाब. साधं पाणी उघड्यावर १०० अंशांना उकळतं, एक बार जादा दाबाखाली ते साधारण १२० अंशांपर्यंत उकळत नाही. कूलंट (गंज आणि उकळी रोखायला पाण्यात मिसळतात ते) असेल तर आणखी थोडं वर. रबर गेलं की कुकरची रिंग गेल्यासारखं होतं, पाणी लवकर उकळतं आणि वाफेवाटे निघून जातं. खाली डाग पडत नाही, म्हणून गळती सापडत नाही. दुसरं काम त्या मधल्या चकतीचं. गरम होऊन फुगलेलं पाणी बाटलीत जातं आणि गाडी थंड झाली की चकती उघडून ते परत आत ओढलं जातं. चकती चिकटली तर पाणी बाटलीत जातं ते तिथेच राहतं, आणि रेडिएटर वरून रिकामा होत जातो. थंड झाल्यावर वरचा होस पाइप चपटा झालेला दिसला तर समजा ही चकती अडकली आहे. मालक बाटली बघतो आणि म्हणतो, पाणी फुल्ल आहे.

तुमच्या गाडीत कुठली पद्धत आहे ते बघा. रेडिएटरवर वेगळं टोपण असेल तर बाटलीवर विश्वास ठेवू नका. काही गाड्यांत रेडिएटरवर टोपणच नसतं, दाब धरणारं एकच टोपण बाटलीवर असतं. त्यात बाटलीतली पातळी हीच खरी, पण टोपण बिघडतं ते तसंच.

म्हणून पहिलं काम, सकाळी गाडी चालू करायच्या आधी टोपण उघडून बघा. रात्रभर उभी असलेली गाडी हवी. घाईत गरम टोपण उघडून हात आणि तोंड भाजलेली माणसं मी बघितली आहेत, तो विषय चेष्टेचा नाही. पाणी रेडिएटरच्या अगदी तोंडापर्यंत हवं, टोपण फक्त बाटलीवर असेल तर बाटलीच्या वरच्या खुणेपर्यंत. नसेल तर निम्मं निदान तिथेच झालं. पाण्याचा रंगही बघा. स्वच्छ हिरवा, गुलाबी जो असेल तो ठीक. तांबडं, गढूळ असेल तर आतून गंज सुटतोय. वर तेलाचा तवंग असेल तर प्रकरण वेगळं, त्याकडे येतो.

मग टॉर्च घेऊन गळती शोधा. ताजी गळती उष्णतेने वाळून जाते, पण मागे पांढरट किंवा कूलंटच्या रंगाची खरपुडी राहते. पाइपांच्या क्लिपा बघा, रेडिएटरची प्लास्टिकची टाकी आणि ॲल्युमिनियमची जाळी जिथे दाबून जोडली आहे ती कड बघा, आणि वॉटर पंपाच्या खालचं बारीक भोक बघा. तिथून ओघळ आला असेल तर पंपाचं सील गेलं, बेअरिंगही फार दिवस टिकत नाही. तुमची गाडी किनाऱ्याला असते, तेव्हा जाळीवर नखाने हलकंच खरवडा. खाऱ्या वाऱ्याने पत्र्या अशा होतात की हात लागताच भुकटी पडते. एसीची जाळी आणि रेडिएटर यांच्या फटीत तांबडी माती आणि पालापाचोळा घट्ट बसतो, तोही काढा. धुताना इंजिनाच्या बाजूने पुढे, साध्या पाइपने. वॉशिंगवाल्याचा जोराचा फवारा समोरून मारलात तर पत्र्या आडव्या होऊन हवाच बंद होते.

पुढच्या सीटखाली डावीकडचं कार्पेट ओलं आहे का तेही हाताने चाचपा. आपल्याकडे एसीच्या पाण्याची नळी चोंदूनही कार्पेट भिजतं, पण ते निव्वळ पाणी असतं. कूलंट बोटांना बुळबुळीत लागतं, गोडसर वास येतो आणि काचेवर आतून चिकट धुकं धरतं. तसं असेल तर हीटरची जाळी गळतेय. चव घेऊन बघू नका, बहुतेक कूलंटमध्ये एथिलीन ग्लायकॉल असतं, ते विष आहे. चवीला गोड असल्यामुळे कुत्री-मांजरं चाटतात, सांडलेलं धुऊन टाका.

गळती डोळ्यांना सापडली नाही तर हातपंपाने दाब देऊन बघायचं साधन बऱ्याच गॅरेजमध्ये असतं. टोपणाच्या आकड्याइतका दाब देऊन पंधरा-वीस मिनिटं ठेवायचा. काटा खाली आला तर पाणी कुठूनतरी जातंय. त्याच साधनावर टोपणही तपासता येतं. पण खरं सांगू, जुनं टोपण तपासत बसण्यापेक्षा त्याच आकड्याचं नवं घ्या, काही शे रुपयांत काम होतं. जास्त आकड्याचं बसवून ‘जोर वाढवू’ नका, मग पाइप आणि टाकी फाटतात.

आता तिसऱ्या मेस्त्रीचं हेड गॅस्केट. त्याला उडवून लावता येत नाही, कारण गॅस्केट गेलं की सिलिंडरमधला गॅस पाण्यात घुसतो, हीटरमध्ये हवा धरते आणि तुमच्यासारखंच घडतं. पण इंजिन उघडण्याआधी तपासता येतं. पूर्ण थंड गाडी चालू करा आणि वरचा होस पाइप हातात धरा. पाणी तापायच्या आधी, मिनिट-दोन मिनिटांत पाइप दगडासारखा टणक झाला तर गॅस येतोय. टोपण काढून चालू ठेवली तर बुडबुडे थांबतच नाहीत. लाइनीत अडकलेल्या हवेचेही बुडबुडे येतात, पण ते काही वेळाने संपतात. पक्कं करायचं तर एक निळं रसायन मिळतं, रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्यातून ओढायची. जळलेला गॅस असेल तर निळा रंग पालटून पिवळट-हिरवा होतो. मेस्त्रीला म्हणा, ही तपासणी दाखव, मग हेडला हात लाव.

तेलाच्या टोपणाखाली दुधाळ साय दिसली म्हणून हेड उघडायला निघालेले लोकही बघतो मी. पावसाळ्यात, जवळच्या जवळ फिरणाऱ्या गाडीत ती साय नुसत्या दमटपणानेही धरते. डिपस्टिकवरचं तेल काळं, स्वच्छ असेल आणि पातळी वाढलेली नसेल तर त्या सायीला घाबरू नका. तेलच चहासारखं झालं असेल, किंवा पाण्यावर तवंग असेल, तर मात्र गाडी चालवू नका.

थर्मोस्टॅट परत बसवा. हा आमच्या धंद्यातला जुना रोग आहे, गाडी तापली की पहिला तो उपटायचा. तो साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडायला लागतो, आकडा त्याच्यावरच कोरलेला असतो. बंद अडकला असेल तर गाडी घाटाची वाट बघत नाही, सपाटीलाही तापते. म्हणजे तुमचा बहुधा चांगलाच होता. पातेल्यात पाणी घेऊन त्यात दोरीने टांगून तापवा, उकळी यायच्या आधी त्याने तोंड उघडलं पाहिजे. काढून टाकल्याने सपाटीला इंजिन गार राहतं, डिझेल जास्त खातं, आतून कार्बन धरतं. आणि अनेक गाड्यांत थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंदही करतो. तो नसला की काही पाणी रेडिएटरला वळसा घालून तसंच इंजिनात परत जातं, आणि घाटात गाडी उलट लवकर तापते. शिवाय काढताना पाणी सांडलं असणार आणि परत भरताना हवा राहिली असणार. तापणं त्यानंतर वाढलं का, हे तुम्ही लिहिलेलं नाही, आठवून बघा.

विहिरीच्या पाण्याबद्दल. आपल्या जांभ्यातलं पाणी प्यायला गोड, पण त्यात लोह असतं आणि ते किंचित आंबटाकडे झुकतं. किनाऱ्याजवळच्या विहिरी तर मे महिन्यात मचूळ होतात, आणि मिठाएवढं ॲल्युमिनियमला खाणारं दुसरं काही नाही. अडचणीत, वाटेत, कुठलंही पाणी चालेल, पण घरी आल्यावर ते काढायचं. बॅटरीवाल्याकडचं डिस्टिल्ड वॉटर आणि कूलंट निम्मं-निम्मं, किंवा तयार मिसळलेला कूलंट घ्या. काहीजण म्हणतात, इथे बर्फ कुठे पडतो, कूलंट कशाला. बर्फ नाही हो, गंज. जुना कुठला होता माहीत नसेल तर सगळा काढून, डिस्टिल्डने दोनदा धुऊन नवा भरा, दोन जाती एकत्र करू नका.

भरण्याची रीत महत्त्वाची आहे, निम्म्या गाड्या इथेच बिघडतात. गाडीचं तोंड चढावर करा, घराच्या उतारावर लावलीत तरी चालेल. हीटरचा नॉब पूर्ण गरमवर. हवा काढायचा स्क्रू असेल तर तो सैल करा. हळूहळू भरा, वरचा होस पाइप हाताने दाबत राहा, बुडबुडे येतील. मग टोपण उघडंच ठेवून गाडी चालू करा, पातळी उतरेल तसं भरत जा, आणि तोंडावर वाकून उभे राहू नका, अचानक उसळतं. बुडबुडे थांबले आणि हीटरमधून गरम हवा यायला लागली की टोपण लावा, पंखा एक-दोनदा सुरू होऊन बंद होऊ द्या. दुसऱ्या दिवशी सकाळी परत पातळी बघा, बहुतेक वेळा थोडं मावतंच. एवढं करूनही हीटर गारच, पाणी पूर्ण, गॅसही नाही, तर वॉटर पंप काढून बघायचा. गंजाने पात्या झिजलेल्या किंवा दांड्यावर सैल फिरणारा पंप बाहेरून दिसत नाही.

काट्यावर फार विसंबू नका. बऱ्याच गाड्यांत तो ८०पासून शंभरच्या पुढेपर्यंत मुद्दाम मधोमध ठेवलेला असतो, आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. पाणी फारच कमी झालं तर सेन्सर कोरडा पडतो आणि काटा खालीही येतो, इंजिन आत भाजत असताना! ओबीडी सॉकेटला (मेस्त्री दोष वाचायला यंत्र जोडतात ती जागा) लावायचं ब्लूटूथचं छोटं यंत्र मिळतं, मोबाइलवर खरा आकडा दिसतो. महिन्यातून एकदा घाट चढणाऱ्याने ते घ्यावंच.

हे सगळं होईपर्यंत आईला घेऊन त्या गाडीने घाट चढू नका, एसटी किंवा दुसरी गाडी बघा. तरीही कधी घाटात काटा चढलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण गरम, पंखा पूर्ण, काचा खाली, आणि इंजिनाला दम लागू न देता खालच्या गिअरवर. हवा गरम आली तर हीटर रेडिएटरला हातभार लावतोय, काटा उतरेल, जागा बघून थांबा. गार आली किंवा बॉनेटमधून वाफ दिसली तर पुढचं वळणसुद्धा गाठायला जाऊ नका. बाजूला घ्या, बंद करा, पाऊण तास तरी टोपणाला हात लावू नका. तापल्या इंजिनावर बाटलीतलं गार पाणी ओतून हेडला तडा घालवलेली गाडी दर मे महिन्यात एखादी तरी येते माझ्याकडे, चाकरमान्यांची.

तर उद्या सकाळी गाडी चालू न करता टोपण उघडा. पाणी कुठपर्यंत आहे, टोपणावर आकडा कुठला, रबर बोटाने दबतं का, आणि चालू केल्यावर मिनिटभरात वरचा पाइप टणक होतो का, एवढं लिहून पाठवा. हेड उघडायचं की दोन-तीनशेचं टोपण आणायचं, ते त्यावरून सांगतो.